मुठीवरची चिंधी

अंगणात ठिगळांची गोधडी अंथरली आहे आणि तिच्या मधोमध एक कोयता ठेवलाय. पोरगा उकिडवा बसून त्याच्याभोवती सरकतोय. एक पाऊल, एक फोटो. पुन्हा एक पाऊल, पुन्हा एक फोटो. मी मनात मोजतेय. एकतीस, बत्तीस. आधी वरून एक फेरी, मग तिरकी, मग पार जमिनीला टेकून. पाठ भरून आली की तो उभा राहतो, आभाळाकडं बघतो आणि पुन्हा खाली बसतो. आभाळ ढगांनी भरलंय आणि ते तसंच राहावं असं आम्हा दोघांना वाटतंय. ऊन पडलं की सावली पडते, आणि फोटोत आलेली सावली संगणकातल्या मॉडेलच्या अंगाला चिकटते ती निघता निघत नाही.

कोयता त्याच्या घरचा नाही, शेजारच्या मावशीचा आहे. २०२५ची दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागल्या. मावशीचा ट्रॅक्टर आज चारला निघणार आहे. तोवरच कोयता आमचा.

"झालं का रं?" मावशी ओट्यावरून विचारते. तिच्यापुढं सगळा संसार मांडलेला आहे: ताडपत्री, पिठाचा डबा, तवा, दोन घागरी, सुतळीनं आवळलेल्या वाकळा. सहा महिन्यांचं घर एका ट्रॉलीच्या कोपऱ्यात बसवायचंय.

"पातं चमकायलंय मावशी. फोटोत निस्तं पांढरं यायलंय."

खरी अडचण तीच आहे. फोटोंवरून त्रिमिती आकार उभा करणारं सॉफ्टवेअर एकच खूण दहा फोटोंत शोधतं आणि त्यावरून ती जागा कुठं, किती खोल, याचा हिशेब लावतं. गोधडीची ठिगळं त्याला झटकन ओळखू येतात. म्हणून तर ती अंथरली. कानशीनं घासून आरशासारखं झालेलं पातं मात्र प्रत्येक कोनातून वेगळं दिसतं, आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. मोठ्या स्टुडिओत त्यासाठी खास फवारा असतो, मारला की वस्तूची चमक मरते. मी पावडर मागते. मावशी आत जाऊन टाल्कमचा डबा आणते, आमच्या हातात देत नाही, स्वतःच खाली बसते आणि पात्यावर हलक्या हातानं पावडर चोळते. दोन्ही बाजूंनी. मग फुंकर मारून जास्तीची उडवते.

"घे. आता नवरीवानी झाला," ती म्हणते.

पात्यावर आता कालपर्यंत न दिसलेल्या गोष्टी दिसतायत. कानशीचे बारीक तिरके चरे. टोकापासून चार बोटांवर पडलेला एक दात, घासून घासून जवळजवळ बुजलेला. आणि मूठ: लाकूड दिसतच नाही, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तिच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी, घट्ट, ओळीनं गुंडाळलेली. चिंधीचा मूळ रंग जांभळा असावा. जिथं अंगठा बसतो तिथं ती काळी आणि गुळगुळीत झाली आहे.

पोरगा ते बघतो आणि फोन जवळ नेतो. तेहतीस.

मी धारूरच्या याच गल्लीतली. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडच्या अंगाला आमचं घर. अकरा वर्षं पुण्यात गेमच्या स्टुडिओंत काम केलं. दगड, भिंती, पिंपं, पायऱ्या, पडकी देवळं. खेळणारा ज्यांच्याकडं न बघता शेजारून पळत जातो, त्या वस्तू बनवणं हे माझं काम. यंदा उन्हाळ्यात आमचा प्रकल्प परदेशातून थांबवला गेला आणि एका दुपारी आम्हा सगळ्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून मी सुटी कामं घेऊन कधी पुण्यात, कधी इथं असते. हा पोरगा माझ्या आईला विचारून आला होता: "ताई आल्या की सांगा." एकवीस वर्षांचा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा शाळेत असताना दिलेल्या, बीए अर्धवट, आणि घरात मोंढ्यातल्या एका आडत्याच्या ऑफिसातून निघालेला जुना संगणक, ज्यात त्यानं कापसाच्या वेचणीच्या मजुरीतून ग्राफिक कार्ड घातलंय. तेही वापरलेलं. चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखा आवाज येतो.

परवा त्याला एका स्टुडिओची चाचणी आली. आर्ट टेस्ट म्हणतात तिला. अर्ज केला, काम आवडलं, आता सात दिवसांत एक वस्तू करून दाखव. अट एवढीच: वस्तू वापरलेली दिसली पाहिजे, तिच्या अंगावर कुणाच्या तरी हाताची खूण हवी. आकार ज्या त्रिकोणांनी बनतो ते पाच हजारांच्या आत बसव, अंगावर चढवायचं चित्र, म्हणजे टेक्श्चर, एकच, आणि कच्ची फाइल पाठव, म्हणजे आत किती नीट बांधलंय ते आम्ही उघडून बघू. पोरानं पहिल्याच रात्री जपानी तलवार सुरू केली होती. मी विचारलं, "तू कधी हातात धरली आहेस?" तो गप्प राहिला. मग त्याचं त्यानंच खिडकीतून शेजारच्या ओट्याकडं बघितलं.

साठ फोटो पुरे होतात. मावशी कोयता उचलते, पावडर पदराला पुसते आणि तो वाकळांच्या शेजारी ठेवते. "चारला निघायचंय. लागला तर मग ये."

आत खोलीत अंधार आहे. एका भिंतीला टेबल, संगणक, बाजूला पाण्याचा तांब्या. समोरच्या भिंतीवर मात्र पानांएवढी अक्षरं: कृषी सेवा केंद्र. पिवळ्यावर तांबडी, काळ्या सावलीची. ही भिंत घराचीच; पोराच्या वडिलांनी नवीन ब्रश आणले की आधी इथं ओढून बघायचे. धारूरमधले ते पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. खालच्या कोपऱ्यात बारीक सही असायची. लहानपणी आम्ही शाळेत जाताना त्या सह्या शोधत जायचो. मग फ्लेक्सचं मशीन आलं. दोन वर्षांत पाट्या संपल्या. नंबर प्लेटी राहिल्या, त्याही गेल्या. आता पेंटरकाका घरांना रंग देतात.

ते दारात उभे आहेत. हाताला चुना. पोरानं माझ्यासाठी शो-रील लावलीय. नोकरी मागणाऱ्याच्या कामाचा हा चित्रफितीतला तुकडा; या धंद्यात पदवीचा कागद नंतर, आधी हे बघतात. पोराची रील तीन मिनिटं दहा सेकंदांची आहे. आधी त्याचं नाव आगीच्या ज्वाळांतून येतं, त्यावर मोठं संगीत. मग एक रोबो, मग एक घर, मग दुसऱ्या कुणाच्या तरी धड्यावरून केलेला डोनट (ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकणारा प्रत्येक जण तो करतो आणि बघणारा प्रत्येक जण तो ओळखतो), आणि अगदी शेवटी, अडीच मिनिटांनंतर, किल्ला.

किल्ला बघून मी खुर्चीत पुढं सरकते.

त्यानं धारूरचा किल्ला केलाय. तीन बाजूंनी दरी, एका बाजूला खंदक, आणि खंदकावरून दरवाजाकडं वळत जाणारी वाट. १५६७ साली आदिलशाहीतल्या किश्वरखान लारीनं बांधून घेतलेला हा किल्ला. पुढं दोनच वर्षांत निजामशाहीनं तो घेतला आणि त्याचं फतेहाबाद केलं. आमच्यासाठी तो शाळा बुडवून सीताफळं खायला जायची जागा होती. पोरानं तटाला टेकलेली सीताफळीची झुडपंही घातलीत. कुठल्याही परदेशी किल्ल्याच्या भिंतीत हे झुडूप मी बघितलेलं नाही.

"हे शेवटी का ठेवलंस?"

"शेवट चांगला पाहिजे म्हणून, ताई."

मी त्याला सांगते की शेवटापर्यंत कुणी येत नाही. माझ्या आधीच्या टीममध्ये एका जागेला इतक्या रील यायच्या की आमचा प्रमुख पहिल्या दहा सेकंदांत ठरवायचा. त्याचा काही उद्धटपणा नव्हता, त्याच्याकडं वेळ नव्हता. आणि एक वाईट काम दहा चांगली कामं खाऊन टाकतं. कारण बघणाऱ्याला वाटतं, ह्याला स्वतःचं वाईट काम ओळखता येत नाही. नाव साध्या अक्षरांत, फोन नंबर, काय काम करतोस ते एका ओळीत. रोबो काढ. घर काढ. डोनट आधी काढ. संगीत काढ. किल्ला पहिला. आणि किल्ल्यात तू काय काय केलंस तेही लिही, कारण मॉडेल बनवणारा वेगळा, त्यात हाडं घालून ते हलतं करणारा रिगर वेगळा, हालचाल देणारा ॲनिमेटर वेगळा, उजेड लावणारा वेगळा. नुसतं "ॲनिमेशन येतं" म्हणणं म्हणजे "साखर कारखान्यात काम करता येतं" म्हणण्यासारखं. गव्हाणीवर का प्रयोगशाळेत?

तो एकेक काढत जातो. डोनट काढताना त्याचा हात थोडा थांबतो. तीन मिनिटं दहा सेकंदांची रील बावन्न सेकंदांवर येते.

"परत लाव," दारातून काका म्हणतात.

आम्ही परत लावतो. दरवाजा, तट, झुडपं. काका पुढं येतात आणि चुन्याचं बोट पडद्याला न लावता हवेतच फिरवतात.

"दरवाजाची सावली हिकडं पडली. झाडाची तिकडं. दोन सूर्य हायत का?"

पोरगा पडद्याकडं बघतो. खरंच, त्यानं दोन दिवे लावलेत. एक सूर्य म्हणून, एक झाड उठून दिसावं म्हणून.

"पाटीवर एका अक्षराची सावली उजवीकडं आन दुसऱ्याची डावीकडं काढली तर गिऱ्हाईकाला कळत न्हाई काय चुकलं. पर त्याला पाटी आवडत न्हाई." काका भिंतीवरच्या कृषी सेवा केंद्राकडं हात करतात. सगळ्या सावल्या खाली उजवीकडं. "आन दगड. सगळे एका मापाचे. फरशी हाय का ती?"

पुण्यात हेच सांगायला स्टुडिओत एक पगारी माणूस असतो. आर्ट डायरेक्टर म्हणतात त्याला. मी काकांना तसं सांगते. ते हसत नाहीत. लाजल्यासारखे होऊन चुना धुवायला निघून जातात.

अकराच्या सुमाराला फोटो संगणकात जातात आणि तो गुरगुरायला लागतो. एक तास तरी लागणार. फोनवर संदेश वाजतो. पोरगा वाचतो आणि एकदम उभा राहतो.

"ताई, सिलेक्शन झालं! दुसरीकडचं. घरून काम. थ्रीडी आर्टिस्ट."

मी फोन हातात घेते. इंग्रजीत अभिनंदन आहे, कंपनीचं चकचकीत चिन्ह आहे, पगाराचा आकडा आहे, आणि खाली एक ओळ: लॅपटॉप घरपोच मिळेल, त्याची परत मिळणारी अनामत चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये आजच भरा. यांनी त्याचं काम कधी बघितलं? चाचणी घेतली? कुणी बोललं? प्रत्येक प्रश्नाला तो मान हलवतो. नाही. मग हळूच म्हणतो, "पण लेटरहेड हाय."

मला माझं विसावं वर्ष आठवतं. एका शिकवणी संस्थेनं "नोकरीची शंभर टक्के हमी" असं छापलेलं पत्रक दिलं होतं. माझ्या वडिलांनी त्यासाठी दोन एकर गहाण टाकलं. वर्ष संपल्यावर संस्थेनं मला एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या अल्बमची पानं लावायला पाठवलं आणि हमी पूर्ण झाली असं कळवलं. ती जमीन सोडवायला मला नोकरीतली पहिली तीन वर्षं लागली. म्हणून या बाबतीत मी कुणाचाही मुलाहिजा ठेवत नाही: काम देणारा पैसे मागत नाही. मागितले की तो काम देणारा नाही. मी पोराच्या हातूनच तो नंबर बंद करायला लावते. तो करतो, पण त्याचा चेहरा उतरतो. खोटी का असेना, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा "सिलेक्शन" हा शब्द स्वतःच्या नावापुढं वाचला होता.

बारा वाजता काकू भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणतात, एका ताटलीत दोन सीताफळं, हंगामातली शेवटची. जेवता जेवता काका मुद्द्यावर येतात. मला वाटतं ते सकाळपासून हाच प्रश्न घेऊन फिरतायत.

"पोरी, खरं सांग. माझं काम मशीननं नेलं. आता पेपरात येतं, मशीन चित्रं काढायलंय. ह्याचंबी नेईल का?"

खोटं बोलणं सोपं आहे. सांगण्यासारखं चांगलंही पुष्कळ आहे. राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबरातच ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंगसाठी ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं, थेट २०५० पर्यंतचं. जुलैत मुंबईला पेडर रोडवर क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीची नवी राष्ट्रीय संस्था उघडली. त्या आवारात फिल्म्स डिव्हिजन होतं, आणि १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात राम मोहन नावाचा एक तरुण लागला होता. रसायनशास्त्र शिकलेला. डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली बसून तो काम शिकला, आणि पुढं भारतात ज्यांनी ज्यांनी चित्रं हलवली त्यांच्यातल्या कितीतरी जणांना त्यानं शिकवलं. त्याच्याही आधी, १९१५ साली, दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या हलवून दाखवल्या होत्या. हे सगळं मी काकांना सांगते.

पण फेब्रुवारीत टेक्निकलर ही जगभर पसरलेली कंपनी कोसळली, आणि बंगळुरू-मुंबईतली हजारो कलाकार पोरं एका दिवसात रस्त्यावर आली, हेही सांगते. माझ्या ओळखीची कितीतरी त्यात होती. ती आता पोराशी त्याच जागांसाठी स्पर्धा करतायत, आठ-दहा वर्षांचा अनुभव घेऊन. आणि मशीनचं म्हणाल तर, नुसतं चित्र मशीन काढतं, काका. चांगलं काढतं. पण गेममध्ये वस्तू नुसती दिसून चालत नाही. ती उचलता आली पाहिजे, फिरवता आली पाहिजे, तिचे त्रिकोण नीट जुळले पाहिजेत, आणि साहेबानं "मूठ दोन बोटं लांब कर" म्हटलं तर मूठच लांब झाली पाहिजे, पातं नाही. ते अजून माणूस करतो. फक्त मी ज्या कामांवर शिकले, म्हणजे पिंपं, खोकी, दगड, ती पहिल्या वर्षाच्या पोरांची कामं होती. ती कमी होतायत. खालची पायरीच काढून घेतली तर वर कुणी कसं जायचं, याचं उत्तर मोठ्या स्टुडिओंकडंही मला दिसत नाही.

काका ऐकून घेतात. भाकरीचा तुकडा मोडतात. "फ्लेक्सवाल्यानं मला बोलावलं होतं," ते म्हणतात. "म्हणला, अक्षराची जाण हाय तुम्हाला, संगणक शिका. मी गेलो न्हाई. राग आला होता." थोड्या वेळानं, पोराकडं न बघता: "जायला पाहिजे होतं."

कुणीच काही बोलत नाही. संगणकाचा पंखा तेवढा गुरगुरतोय.

दीड वाजता पडद्यावर कोयता उभा राहतो. आधी ठिपक्यांचा ढग, मग लाखो त्रिकोणांचं खडबडीत कातडं. गोधडीचा एक कोपराही त्याच्यासोबत वर आलाय. काकू त्यांच्या गोधडीकडं बोट दाखवून म्हणतात, "हे माझ्या आईच्या लुगड्याचं." पोरगा गोधडी छाटतो. काकूंचं मन ठेवायला आधी एक चित्र साठवतो, मग छाटतो.

आता खरं काम. लाखो त्रिकोणांचा कोयता गेमला झेपत नाही. त्यावर साधा, हलका आकार नव्यानं बसवायचा, आणि मूळच्या बारीक चऱ्यांची नक्कल चित्र म्हणून त्या हलक्या आकारावर चढवायची. पोराचा हात चांगला चालतो. ब्लेंडर त्याला तोंडपाठ आहे. फुकट मिळतं, म्हणून त्यानं तेच धरलं. दोन वर्षांपूर्वी त्याला कुणीतरी सांगितलं होतं की फुकटच्या सॉफ्टवेअरवर नोकरी मिळत नाही. यंदा मार्चमध्ये लाटव्हियाच्या 'फ्लो' या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, आणि तो अख्खा ब्लेंडरमध्ये केलेला आहे. ते कळल्यापासून पोरानं त्या चित्रपटातल्या मांजराचं चित्र टेबलावर चिकटवलंय.

पुण्याच्या एका लहान टीमनं केलेला 'राजी' हा गेमही मी त्याला दाखवते. २०२० सालचा. पहाडी चित्रं, मंदिरांचे कोरीव खांब, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट. त्याला गेमपेक्षा त्यातल्या भिंती बघायच्या आहेत. भिंतीजवळ थांबवून थांबवून तो बघतो. हा पोरगा या कामाला लागेल, हे मला तिथं कळतं. खेळणारा भिंतीजवळ थांबत नाही.

पात्याला तो मिरर लावतो. अर्धं बनवायचं, उरलेलं अर्धं आरशासारखं आपोआप होतं. आम्ही सगळे तसंच करतो, वेळ वाचतो. मुठीवरची चिंधी स्कॅनमध्ये थोडी वितळल्यासारखी आलीय, म्हणून ती तो हातानं गुंडाळतो, वेढ्यावर वेढा. रंग चढवतो. जांभळा, अंगठ्याच्या जागी काळा. टोकापासून चार बोटांवरचा बुजलेला दात. साडेतीनला कच्चा का होईना, कोयता तयार आहे. काळ्या पार्श्वभूमीवर तो सावकाश फिरतोय. मला तो मनापासून आवडतो. अकरा वर्षांच्या नजरेनं मी तो वरपासून खालपर्यंत तपासते आणि म्हणते, "जमलंय."

तो फोनवर चित्रफीत घेतो आणि आम्ही बाहेर पळतो.

गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर लागलाय, मागं दोन ट्रॉल्या. एकीत माणसं चढतायत, दुसरीत सामान, सामानावर दोन शेळ्या. मुकादम हजेरी घेतोय. माणसांची नाही, कोयत्यांची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तिची आगाऊ उचल, तिचा हिशेब. सप्टेंबरात पावसानं शेतं खरवडून नेली, सोयाबीन पाण्यात सडलं, म्हणून मागच्या वर्षी न गेलेली दोन घरंही यंदा निघालीत. मावशीची नात ट्रॉलीच्या चाकाशी उभी आहे. ती दहावीला, ती थांबणार, थोरल्या आजीजवळ. कोयता मावशीच्या कमरेशी, पदरात खोचलेला.

"मावशी, बघा. तुमचा कोयता."

मावशी फोन हातात घेते. डोळ्यांपासून लांब धरते. पडद्यावर कोयता फिरतो. आजूबाजूच्या दोघी-तिघी वाकतात. "अगं बाई, अस्सल दिसायलाय." "आपलाच हाय की." पोराचे कान तांबडे होतात.

मावशी बोलत नाही. चित्रफीत संपते, पुन्हा सुरू होते.

"हा माझा न्हाई," ती म्हणते.

"तुमचाच हाय मावशी, त्याच फोटोंवरनं..."

"न्हाई रं लेकरा. हा उजव्या हाताचा हाय." ती कमरेचा कोयता काढते आणि पडद्याशेजारी धरते. "मी डावरी. मी एकाच अंगानं कानस मारते, ह्या. तू दोन्हीकडनं धार लावलीस. आन चिंधी बघ. माझी हिकडनं वर जाती. तुझी तिकडनं. अशी गुंडाळली तर दोन दिसांत सुटंल."

मी बघते. अंगणात पावडरखाली, सकाळच्या उजेडात, ते सगळं समोर होतं. एकाच बाजूला उतरलेली धार. डावीकडून चढत गेलेले वेढे. मी ते साठ फोटोंत बघितलं, आणि पडद्यावर चुकलेलंही मलाच दिसलं नाही. मिरर लावला तेव्हा मी शेजारीच बसले होते.

पोरगा आधी फोनकडं बघतो, मग कोयत्याकडं. त्याला वाईट वाटेल असं मला वाटतं, पण तो वाकून मूठ बघायला लागतो. नाक लागेल इतक्या जवळून. "मावशी, गाठ कुठं मारता? आत का बाहेर?"

"आत. बाहेर मारली तर तळव्याला फोड येतो." ती अंगठ्यानं गाठ दाखवते. गाठ सपाट झालीय, असून नसल्यासारखी.

मुकादम हाक मारतो. ट्रॅक्टरवाला इंजिन सुरू करतो, धूर गल्लीत भरतो. मावशी नातीच्या डोक्यावरून हात फिरवते, पाय ट्रॉलीच्या कडीवर ठेवते आणि वर चढते. पोरगा फोन उंच धरून ओरडतो.

"मावशी! एकदा तोडून दाखवा! हवेतच!"

"आत्ता?"

"एकदाच!"

ट्रॉलीतल्या बाया हसतात, सरकून तिला जागा करून देतात. मावशी उभी राहते. उजव्या हातानं हवेतला ऊस धरते, कमरेत वाकते, आणि डावा हात खाली येतो, जमिनीशी, अगदी मुळाशी. कारण खाली राहिलेल्या बुडख्याचे पैसे कापतात. मग हात वळतो, वरचं वाढं उडतं, उजवा हात ऊस मागं टाकतो. पुन्हा. पुन्हा. ट्रॅक्टर हलतो तशी ती उजव्या हातानं ट्रॉलीची कड पकडते आणि खाली बसते.

ट्रॉल्या वळणावर दिसेनाशा होतात. नात चालत घराकडं निघते. पोरगा तिथंच उभा आहे, रस्त्याच्या मधोमध, फोन दोन्ही हातांत. आठ सेकंदं मिळालीत. ती तो एकेक चौकट पुढं सरकवत बघतोय. पुढं, मागं, पुन्हा पुढं.

"ताई," तो मान वर न करता म्हणतो, "मनगट आधी वळतंय. खांदा नंतर."

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहते. तो चौकट थांबवतो आणि बोटानं मोठी करतो.